सुविचाराची हुंडी

मराठी घरात सुविचारांची टंचाई कधी पडली नाही. धान्य महागले, तेल महागले, सोन्याचे तर नावच काढू नये. पण सुविचार मात्र आजही फुकट आणि मुबलक मिळतो. कॅलेंडराच्या पानामागे तो असतो, शाळेच्या दर्शनी फळ्यावर असतो, एस. टी. स्टँडच्या भिंतीवर असतो, दवाखान्यात डॉक्टरांच्या खुर्चीमागे चौकटीत बसवलेला असतो. पूर्वी एखादी मावशी पोस्टकार्डाच्या कोपऱ्यात दोन चांगले शब्द लिहीत असे. आता पहाटे साडेपाचला मोबाइल किणकिणतो आणि उगवत्या सूर्याच्या चित्रावर कोणीतरी आपल्याला नम्रता शिकवून जाते. पाठवणारे गृहस्थ आदल्याच दिवशी पाण्याच्या टाकीवरून शेजाऱ्याशी कडाकडा भांडलेले असतात, ही गोष्ट निराळी!

शाळा-कॉलेजांत ‘आजचा सुविचार’ लिहिण्याचे काम ज्याचे अक्षर चांगले त्याच्या वाट्याला येते. मराठी शिकवण्यात बरीच वर्षे गेल्यामुळे ही प्रथा मी जवळून पाहत आलो आहे. वर्षाअखेर लिहिणाऱ्याचे अक्षर आणखी सुरेख झालेले दिसते. वाचणाऱ्यांचे काय झाले, ते मात्र कोणत्याच गुणपत्रिकेत उतरत नाही. म्हणून सुविचार लिहूच नयेत, असे मी म्हणणार नाही. शब्दांवर ज्याचे पोट चालते त्याने शब्दांची निंदा करणे बरे नव्हे. प्रश्न एवढाच, की या शब्दांची किंमत कोण मोजतो?

आपल्या जुन्या व्यापारात हुंडी नावाची एक चीज होती. दूरच्या प्रवासाला निघालेला माणूस रोख रक्कम बरोबर बाळगत नसे. तो गावच्या पेढीवर पैसे भरून हुंडी लिहून घेई आणि परगावच्या पेढीवर ती दाखवून पैसे घेई. कागद तो, त्याला स्वतःची किंमत काय? समोरच्या पेढीने रुपये मोजले म्हणजे हुंडी वटली. नाही मोजले तर लिहिणाऱ्याची पत गेली. नरसी मेहत्याने देवाच्या नावावर हुंडी लिहिली आणि द्वारकेत साक्षात भगवंताने ती वटवली, ही कथा आपण लहानपणापासून ऐकतो. ती इतकी ऐकली, की आपल्या हुंड्याही देवच वटवील अशी आपली समजूत झाली असावी! वास्तविक सुविचार ही आपण आपल्याच नावावर लिहिलेली हुंडी असते. ती घेऊन कोण, कोणत्या दिवशी, कोणत्या वेषात दारात उभा राहील, याचा मात्र नेम नसतो.

हे सारे सुचण्याचे कारण मी राहतो तो मुलूख. चंद्रपूर आणि गडचिरोली हे पूर्व विदर्भातले जंगलाचे जिल्हे. 1982 सालापर्यंत दोन्ही मिळून एकच जिल्हा होता. पुण्या-मुंबईकडच्या वाचकांना चंद्रपूर आठवते ते कोळशाच्या खाणी, वीज केंद्र आणि ताडोबाचे वाघ यांमुळे. आणि गडचिरोली म्हटले की नोकरदार माणसाला बदलीची धास्ती. या मुलखाला फार कोणी सुविचार ऐकवायला आले नाही. जे आले, त्यांना आपले शब्द येथे रोखीने मोजावे लागले.

राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचे उदाहरण घ्या. त्यांचा जन्म 1909 सालचा, अमरावती जिल्ह्यातला. पण चिमूरचा परिसर त्यांच्या साधनेचा आणि कार्याचा. आमच्याकडच्या खेड्यांत ‘ग्रामगीते’तल्या ओव्या शाळेच्या आणि पंचायतीच्या भिंतींवर रंगवलेल्या दिसतात. महाराजांच्या हातात खंजिरी असे, हे सर्वांना ठाऊक आहे. पण गाव झाडल्यावाचून गावाची प्रार्थना पुरी होत नाही, हाही त्यांच्या शिकवणीचा भाग होता. भजनाबरोबर खराटा आला, म्हणून ते भजन खेड्यात टिकले.

चिमूरपासून वरोरा फार लांब नाही. तेथे मुरलीधर देवीदास आमटे नावाचे एक वकील राहत. घरची जमीनदारी, शिक्षण, वक्तृत्व सर्व काही होते. वरोरा नगरपालिकेचे ते उपाध्यक्ष झाले. सफाई कामगारांचे जगणे कळावे म्हणून त्यांनी काही महिने स्वतः डोक्यावरून मैला वाहिला. स्त्रियांची छेड काढणाऱ्या गोऱ्या सैनिकांना ते एकटे भिडले, तेव्हा गांधीजींनी त्यांना ‘अभयसाधक’ म्हटले. याहून मोठे प्रशस्तिपत्र कोणते असणार? शब्द खुद्द गांधीजींचा!

आणि मग एका पावसाळी रात्री ती हुंडी दारात आली. रस्त्याच्या कडेला, गटारापाशी, तुळशीराम नावाचा एक कुष्ठरुग्ण पडलेला होता. बोटे झडलेली, अंगात किडे पडलेले. गोऱ्या शिपायांना न भ्यालेला हा माणूस ते दृश्य पाहून भ्याला आणि पळाला. ही गोष्ट बाबांनी पुढे कधी लपवली नाही. जेथे भीती आहे तेथे प्रेम नाही, हे त्यांना त्या रात्री कळले; ‘अभयसाधक’ हा शब्द आतून टोचू लागला. ते परतले, तुळशीरामला आडोसा केला, त्याची शेवटपर्यंत सेवा केली. पुढे कलकत्त्याला जाऊन त्यांनी कुष्ठरोगाचे शिक्षण घेतले. 1949 साली महारोगी सेवा समिती स्थापन झाली आणि 1951 साली वरोऱ्याजवळच्या खडकाळ माळावर आनंदवन सुरू झाले. बरोबर साधनाताई, दोन लहान मुले, सहा रुग्ण, एक लंगडी गाय आणि खिशात चौदा रुपये.

मी भाषेचा माणूस असल्यामुळे आनंदवनात गेलो की माझे लक्ष पहिल्यांदा नावांकडे जाते. त्या काळी मराठीत या रोगाला ‘महारोग’ म्हणत. रोगाच्या आधी ‘महा’ लागला की रोगी आपोआप लहान होतो. समितीच्या नावात तो जुना शब्द आजही आहे. पण जागेचे नाव काय ठेवले? आनंदवन. अपंगांना काम शिकवणाऱ्या जागेचे नाव ‘संधिनिकेतन’, विवाहित जोडप्यांच्या वसाहतीचे ‘सुखसदन’, वृद्धांच्या निवाऱ्याचे ‘स्नेहसावली’, मुलांचे ‘गोकुळ’. ज्या माणसांना गावाने नाव उच्चारण्याच्या लायकीचे ठेवले नव्हते, त्यांच्या पत्त्यात आनंद, संधी, सुख आणि स्नेह आले. पाहुण्याला हे शब्द नुसते गोड वाटतील. तेथे राहणाऱ्याला मात्र ते रोज पत्ता सांगताना उच्चारायचे असतात.

नावाने पोट भरत नाही, हे बाबांइतके कोणी ओळखले नसेल. दानाने माणूस मोडतो, कामाने तो उभा राहतो, असे ते बजावून सांगत. म्हणून झडलेल्या बोटांच्या हातांत त्यांनी भिक्षेचे भांडे न देता कुदळ दिली. त्या हातांनी विहिरी खणल्या, माळ फोडला, भाज्या पिकवल्या. पण वरोऱ्याचे लोक त्या भाज्या घेईनात; आनंदवनाचे दूधही कोणाला चालेना! पन्नासच्या दशकात परदेशांतले स्वयंसेवक तेथे येऊन रुग्णांबरोबर राबले, त्यांच्या पंक्तीला जेवले, तेव्हा कोठे शहराची भीती हळूहळू ओसरू लागली. पुढे साठच्या दशकात याच मंडळींच्या श्रमातून आनंदवनात कॉलेज उभे राहिले. कोणासाठी? वरोऱ्याच्या आणि आसपासच्या धडधाकट मुलांसाठी! ज्या समाजाने यांच्या हातची भाजी नाकारली, त्याच्या मुलांसाठी यांनी विद्येची सोय केली. उपकाराची परतफेड आपण सगळेच करतो. अव्हेराची अशी परतफेड करणारे विरळा.

आनंदवनात आईबापांबरोबर आलेल्या त्या दोन लहान मुलांपैकी धाकटे प्रकाश डॉक्टर झाले, आणि डिसेंबर 1973 मध्ये गडचिरोलीच्या टोकाला, भामरागडजवळच्या हेमलकसा येथे लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला. प्रकाशभाऊ आणि त्यांच्या पत्नी डॉ. मंदाकिनी तेथे गेले तेव्हा रस्ता नव्हता, वीज नव्हती. दवा होती, दया होती. पण रुग्ण येत नव्हते. परके कपडे घातलेली परकी माणसे पाहून माडिया लोक दूर पळत. कोणाही शिकलेल्या माणसाला येथे राग आला असता: एवढे सगळे सोडून आम्ही आलो, आणि यांना त्याची किंमत नाही! या दोघांनी माडिया भाषा शिकायला घेतली. ज्यांच्या अंगावर जेमतेम कपडा, त्यांच्यासमोर आपण नीटनेटके कसे उभे राहायचे म्हणून प्रकाशभाऊंनी बनियन आणि अर्धी चड्डी हाच कायमचा पोशाख केला. विश्वास यायला वेळ लागला, पण आला. 2008 साली या दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. बाबांना तो 1985 साली मिळाला होता.

चांगुलपणाला भाषा नसते, असे आपण म्हणतो. मला ते तितकेसे पटत नाही. चांगुलपणाला भाषा असते, आणि ती समोरच्याची असावी लागते.

याचा दुसरा दाखला गडचिरोली शहराजवळ शोधग्राममध्ये मिळतो. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग 1986 साली गडचिरोलीत कामाला आले. आदिवासी माणसे दवाखान्यात यायला का कचरतात, हे त्यांनी आदिवासींनाच विचारले. आता ही गोष्ट किती साधी! पण आजाऱ्याला औषध देणारे पुष्कळ, त्याला मत विचारणारा क्वचितच. उत्तरे मिळाली ती डॉक्टरी पुस्तकात नव्हती. तुमचे डॉक्टर आणि नर्सबाई पांढरे कपडे घालतात, पांढऱ्यात तर आम्ही प्रेत गुंडाळतो. तुमच्याकडे नातलगांना जवळ राहू देत नाहीत. आणि तुमच्या दवाखान्यात देव कोठे आहे? मग दवाखाना आदिवासी पाड्यासारखा, झोपड्यांचा बांधला गेला. नातलगांना राहायला जागा झाली. आणि त्याला नाव मिळाले माँ दंतेश्वरीचे, म्हणजे त्यांच्या देवीचे.

गावोगावी नवजात बाळे दगावत, तेव्हाही याच रीतीने काम झाले. गावातल्याच थोड्या शिकलेल्या बायकांना बाळाची काळजी घ्यायला, आजार ओळखायला आणि औषध द्यायला शिकवले. त्यांना ‘आरोग्यदूत’ म्हटले. 39 गावांत हे काम झाले आणि काही वर्षांत तेथे जन्मल्यावर पहिल्या महिन्यात दगावणाऱ्या बाळांचे प्रमाण हजारी 62 वरून 25 च्या आसपास आले. 1999 साली ‘लॅन्सेट’ या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकाने हे संशोधन छापले. पुढे ही पद्धत ‘आशा’ कार्यकर्त्यांमार्फत देशभर गेली. शेजारच्या झोपडीतल्या बाईला हे जमेल, एवढा विश्वास कोणीतरी आधी टाकला होता. तो विश्वास पोकळ नव्हता. त्याच्या पाठीशी शिक्षण होते, देखरेख होती, हिशेब होता.

शेवटचे उदाहरण धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा गावचे. हे छोटे गोंड गाव. देवाजी तोफा यांच्यासारख्या माणसांच्या पुढाकाराने गावाने एक वाक्य स्वीकारले: दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार. ऐकायला ही घोषणा. कोणत्याही मोर्चात खपून जाईल. पण गावाने ती वटवायला घेतली. अभ्यासगट बसले, कायदे समजून घेतले, आणि 2009 साली सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर गावाला सामूहिक हक्क मिळाला. मला त्याहून मोठी वाटते ती त्यांच्या सभेची रीत. तेथे निर्णय बहुमताने होत नाहीत, सर्वसहमतीने होतात. एकाचाही विरोध असला तर गाव थांबते, पुन्हा बसते, पुन्हा बोलते. स्त्रिया सभेत बरोबरीने बसतात. कोणी कोणाला मतांनी पाडत नाही, म्हणून सभेतून उठताना कोणी हरलेला नसतो. आमच्या गृहनिर्माण सोसायट्यांच्या वार्षिक सभांना जाऊन आलेल्या सज्जनांना याचे मोल वेगळे सांगायला नको!

आता तुम्ही म्हणाल, “सर, ही सगळी मोठी माणसे. आम्हाला नोकऱ्या आहेत, मुलांच्या परीक्षा आहेत, घराचे हप्ते आहेत. आम्ही काय आनंदवन उभारावे?” प्रश्न रास्त आहे. हुंडी लाखाचीच असते असे नाही. पाच रुपयांचीही असते. आणि पाच रुपयांची न वटवणाऱ्याला लाखाची कोणी देत नाही.

आपल्या घरातच पाहू. दिवाणखान्यात समतेची वचने लावलेली असतात आणि स्वयंपाकघराच्या खिडकीत एक कप वेगळा पालथा घातलेला असतो. कोणाचा, ते घरातल्या लहान मुलालाही ठाऊक असते. त्याला ते कोणी शिकवलेले नसते. दहा-दहा वर्षे धुणीभांडी करणाऱ्या बाईंचे पूर्ण नाव किती घरांत माहीत असते? त्यांना ‘बाई’ म्हणतो, मोबाइलमध्ये ‘कामवाली’ म्हणून नोंदवतो. ‘महारोगी’ म्हणणाऱ्या जुन्या काळाला हसण्याचा आपल्याला मग कितीसा अधिकार उरतो? फाटकावरचा रखवालदार, जिना झाडणारा माणूस, दवाखान्यात पट्टी बदलणारा मुलगा यांच्याशी आपण वाईट वागतो असे नाही. आपण त्यांच्याशी वागतच नाही. ते भिंतीसारखे तेथे असतात.

वर्गातही हेच होते. एका वर्षी भामरागडकडचा एक माडिया मुलगा कॉलेजात आला. घरात माडिया बोलणारा. मराठी शाळेत शिकलेला. मराठीतले लिंग त्याला चकवत असे. ‘तो’ आणि ‘ती’ची गफलत झाली की मागच्या बाकांवर खसखस पिके, आणि तीही नेमकी फळ्यावरच्या सुविचाराखाली. तो हळूहळू बोलेनासा झाला. त्यावर व्याख्यान देण्यात अर्थ नव्हता. व्याख्यानानंतर मुले पाठीमागे हसतात, एवढाच फरक पडतो. म्हणून एक आठवडा सुविचार लिहिण्याचे काम त्याच्याकडे दिले, अट एकच: वाक्य त्याच्या आजीच्या तोंडचे हवे. दुसऱ्या दिवशी फळ्यावर देवनागरी अक्षरांत माडिया ओळ उमटली. वर्गात ती कोणाला वाचताही नीट येईना. बराच वेळ चुळबुळ झाली. मग पहिल्या बाकावरच्या एका मुलीने मान वळवून त्याला विचारले, “म्हणजे काय रे?”

अर्थ अगदी साधा होता: पाहुण्याला आधी पाणी द्यावे, मग गाव विचारावे. पण त्या वर्गाने त्याला काहीतरी विचारण्याची ती पहिलीच वेळ होती. खसखस एकदम थांबली असे नाही; माणसाचा स्वभाव इतका सोयीचा कोठे असतो! मात्र आठवड्याच्या शेवटी दोन-तीन वह्यांत त्याची वाक्ये उतरलेली मी पाहिली, आणि परीक्षेच्या दिवसांत तो मागच्या बाकावरच्यांबरोबर चहा पिताना दिसला.

आनंदवन काय, हेमलकसा काय, शोधग्राम काय, मेंढा-लेखा काय. मला या सर्वांच्या मुळाशी एकच गोष्ट दिसते. दया वरून खाली वाहते, आणि देणारा उंचावरच राहतो. या माणसांनी खाली उतरून विचारले: तुला काय येते? तुला कशाची भीती वाटते? तुझ्या भाषेत याला काय म्हणतात? तुझे मत काय? असे विचारणे म्हणजे समोरच्याला आपल्या बरोबरीचा मानणे. ते गोड बोलण्याहून कठीण आहे. गोड बोलायला संक्रांतीचा एक दिवस पुरतो. विचारायचे म्हणजे थांबावे लागते, उत्तर ऐकावे लागते, आणि प्रसंगी आपला बेत बदलावा लागतो, तो पांढरा कोट उतरवावा लागतो तसा.

दिवाळीत घरोघरी साफसफाई झाली असेल, जुनी कॅलेंडरे उतरली असतील. लक्ष्मीपूजनाला व्यापारी नव्या वह्यांची पूजा करतात आणि पाडव्याला नवे खाते उघडतात. आपण नोकरदार माणसे; आपल्याकडे पुजायला वही नसते. यंदा एक करून पाहावे. भिंतीवरच्या, कॅलेंडरावरच्या, मोबाइलवरच्या शेकडो सुविचारांतून एकच निवडावा, अगदी लहानसा. आणि त्याच्यासमोर एका माणसाचे नाव लिहावे. ते नाव पूर्ण माहीत नसेल तर आधी ते विचारून यावे. हिशेबाची सुरुवात तेथूनच होईल. फराळाचे ताट त्यांच्यासाठी भरताना ते घरच्याच ताटांपैकी असावे, आणि खिडकीतला तो कप इतर कपांत मिसळून जावा. वर्षभर त्या एका ओळीखाली जे मोजले असेल ते मांडत जावे. कोणाला दाखवण्याची गरज नाही.

पुढच्या पाडव्याला ती वही आपणच उघडून पाहावी. हुंडी वटली की परत आली, ते आकडेच सांगतील.